पंगत एकच, ताट निराळे

सातारा जिल्ह्यात पंगत या शब्दाला केवळ जेवणाचा अर्थ नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह उघडले. स्पृश्य-अस्पृश्य, हिंदू-मुसलमान, सर्वांच्या मुलांनी एकत्र रांधावे आणि एकत्र जेवावे, हा त्या वसतिगृहाचा पहिला धडा होता. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र गेले, ही हकीकत या भागात घरोघर ठाऊक आहे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. ज्या समाजाने शतकानुशतके वेगळे भांडे हे अपमानाचे हत्यार म्हणून वापरले, तेथे एका पातेल्यातून सर्वांना वाढणे ही क्रांतीच होती.

म्हणूनच एखादी माता शाळेत येऊन 'माझ्या मुलाला तुमच्या पातेल्यातले देऊ नका' असे म्हणते, तेव्हा गुरुजींच्या कपाळावर आठी पडते. ती आठी अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले, हे सर्वांनी वाचले आहे. सोवळे आजही नाना रूपे घेते. परंतु त्या मातेचे म्हणणे निराळेच असण्याचा संभव आहे. तिच्या मुलाला दूध, गहू, शेंगदाणा आणि हरभरा यांचे वावडे असेल, तर पातेल्यातला एक डावही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

वावडे म्हणजे आवडनिवड नव्हे, अपचनही नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या अन्नातील प्रथिनाला शत्रू मानते आणि त्याचा अल्पसा अंशही तिला पुरतो. प्रथम अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, ओकारी होते. क्वचित प्रसंगी घसा आवळून येतो, रक्तदाब कोसळतो. हे सारे काही मिनिटांत घडू शकते.

आता हे चार पदार्थ सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरातून वजा करून पाहावेत. साताऱ्याचा कंदी पेढा गेला, सांगलीचे भडंग गेले, ही झाली चैनीची गोष्ट. पण चपाती गेली, पिठले गेले, पुरणपोळी गेली आणि ज्याच्यावाचून या भागात भाजी शिजतच नाही ते दाण्याचे कूटही गेले. उरते काय? ज्वारी, बाजरी आणि तांदूळ. जावळी-पाटणच्या डोंगरउतारावरची नाचणी. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरडवाहू रानातले मूग, मटकी, हुलगा. (कडधान्यांपैकी नेमके कोणते चालते, हे मात्र डॉक्टरांनी तपासूनच ठरवावे, हरभऱ्याचे वावडे असणाऱ्या काहींना मसूर किंवा वाटाणाही बाधतो.) म्हणजे ज्या धान्यांना गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले गेले, तीच या मुलाचा आधार ठरतात.

तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्वारीचे दळण गावच्या गिरणीत गव्हाच्या नाहीतर डाळीच्या दळणावर पडले की पीठ बाटलेच, आणि हा विटाळ मात्र खराखुरा असतो. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे किती गृहिणींना ठाऊक आहे? सांगली-तासगावच्या पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. ते सल्फाइट काही दमेकरी मुलांना सोसत नाही. अशा मुलाची आई पहिला डाव घरच्या दळणाचा मानते आणि धुतलेल्या जात्यावर किंवा मिक्सरवर पीठ काढते. शेतमजुरीला जाणाऱ्या स्त्रीने हे रोज करावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

हे श्रीमंतांचे दुखणे आहे, चळवळीने त्यात वेळ का दवडावा, असा आक्षेप येईल. युरोपीय संशोधकांच्या सहकार्याने काही देशांतील ६ ते ११ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्र कर्नाटकात होते. तेथे अन्नाचे संभाव्य वावडे असणारी मुले ०.१४ टक्का आढळली, तर हाँगकाँगमध्ये दीड टक्का. प्रमाण कमी आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण ०.१४ टक्का म्हणजे लाखात १४० मुले. शिवाय सुखवस्तू घरात दूध वर्ज्य झाले तर त्याच्या जागी दुसरे काही येते. गरीब घरात दूध आणि डाळ वर्ज्य झाली की त्या जागी काहीच येत नाही, आणि मूल खुरटते. दुखणे एकच असले तरी त्याची किंमत वर्गावर ठरते.

शासनाचे लक्ष किती परावलंबी आहे, याचा एक दाखला पुरेसा आहे. हरभऱ्यामुळे प्राणावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते, हे मुंबईचे डॉ. निफाडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात नोंदविले होते. तरीही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टन-नियमांत ज्या वावड्यांची घोषणा सक्तीची आहे, त्यांत गहू, दूध, अंडे, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, सल्फाइट आहेत. हरभरा नाही, तीळही नाही. युरोपने तीळ यादीत घेतला, अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून घेतला. बेसनाच्या देशाने मात्र परक्यांची यादी उतरवून घेताना आपले स्वयंपाकघर पाहिले नाही.

बाजारपेठ मात्र जागी आहे. रक्तातील आयजीजी तपासून शंभरेक पदार्थांचे 'वावडे' सांगणाऱ्या महागड्या चाचण्या शहरांत विकल्या जातात. युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच त्या निदानासाठी निरुपयोगी ठरविल्या आहेत. दुधाच्या वावड्याचे निदान वाढविण्यात बाळदूध विकणाऱ्या कंपन्यांचा हात आहे, अशी टीका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ मध्ये केली. खोट्या निदानाने मुलाचे अन्न तोडणे हाही अन्यायच आहे. उलट, २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ६४० बालकांवर केलेल्या प्रयोगातून असे दिसले की, धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे अन्न सुरू केले, तर पुढे त्याचे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी घटते. अर्थात वावडे एकदा जडल्यावर हा प्रयोग घरी करायचा नसतो. खरे-खोटे ठरविणारा सरकारी डॉक्टर जवळ नसला, की गरीब कुटुंब एकतर दैवावर हवाला ठेवते नाहीतर दुकानदाराच्या हाती सापडते.

शाळेतील आहाराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. प्राथमिक वर्गातील मुलामागे साहित्यखर्च १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे ठरला. धान्य वेगळे मिळते हे खरे. पण एवढ्या रकमेत डाळ, तेल, भाजी, मसाला आणि इंधन बसवायचे. राज्याने २०२४ मध्ये ठरविलेल्या पाककृतींत चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, तांदळाची खीर यांबरोबर नाचणीसत्त्वही होते. ज्या मुलाला हरभरा, सोयाबीन आणि दूध चालत नाही, त्याने त्या दिवशी काय खावे, याबद्दल व्यवस्था मौन पाळते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकिणीवर हा भार टाकून मोकळे होणे सोपे आहे, म्हणूनच ते अन्याय्य आहे.

आणि तरीही वाट शासनानेच दाखविली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे द्यावे, जे मूल अंडे खात नाही त्याला केळे द्यावे, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधीच काढून घेतला गेला, ही निराळी खंत. पण केळे खाणाऱ्या मुलाने पंगत मोडली, असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

मार्क्सने १८७५ मध्ये गोथा कार्यक्रमाची चिकित्सा करताना दाखविले होते की, असमान माणसांना एकच माप लावले की समान हक्क हाच विषम हक्क होतो. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात समता नेमकी कशाची, हा प्रश्न उभा केला तोही याच अंगाने. सर्वांना एक डाव वाढणे ही समता नव्हे. जेवून उठताना प्रत्येक मूल धडधाकट असणे, ही समता. तेव्हा मूल त्याच पंगतीत, त्याच रांगेत बसावे. ताट तेवढे निराळे असावे, आणि ते का निराळे आहे हे शेजारच्या मुलांना गुरुजींनी उघड सांगावे. झाकले की कुजबुज होते, आणि आपल्याकडे कुजबुज जातीवर जाऊन थांबते.

दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना हाती घेता येईल असे काम यात आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्यपथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. त्याच्या तपासणीच्या यादीत अन्नाचे वावडे नाही, ते यावे. मिरज आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत खात्रीचे निदान फुकट व्हावे, आणि तेथील चिठ्ठी शाळेने व रेशन दुकानाने मानावी. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच. गव्हाऐवजी ज्वारी द्यायला नवा कायदा नको. सर्वांत तातडीचे म्हणजे अॅड्रेनालिन. परदेशात मुलाच्या दप्तरात असते ते तयार इंजेक्शन येथील साध्या औषध दुकानात मिळत नाही. पण त्याच औषधाची काचेची कुपी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि अगदी स्वस्त आहे. लसीकरणाच्या सत्रात परिचारिकेजवळ ती ठेवलेली असते. सत्र संपल्यावरही ती उपकेंद्रात असते का, मुदत उलटलेली तर नाही ना, आणि दुपारी बारा वाजता शाळेतून मूल आणले तर ती टोचायला कोणी हजर असते का, हे प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने येत्या महिन्यात जाऊन पाहावे आणि जिल्हा परिषदेला लेखी कळवावे.