भाषणे नकोत, मतदान पाहा

२००८ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्राथमिक निवडणुका रंगल्या होत्या आणि आपल्याकडे ‘यांपैकी भारताचा मित्र कोण?’ हा जुना प्रश्न पुन्हा विचारला जात होता. इतिहास पाहता हा प्रश्नच फसवा ठरतो. सिनेटर असताना जॉन केनेडी यांनी १९५८ मध्ये भारताला आर्थिक साह्य मिळावे म्हणून ठराव मांडला. तेच अध्यक्ष असताना, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्याच्या प्रश्नावर अमेरिका सुरक्षा परिषदेत भारताच्या विरोधात उभी राहिली. पुढच्याच वर्षी चिनी आक्रमणाच्या वेळी त्यांनीच शस्त्रसाह्य पाठवले.

म्हणून उमेदवाराची पारख भाषणांवरून नव्हे, कृतीवरून व्हावी. हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याच्या ठरावाला अनुकूल मत दिले. बराक ओबामा यांनी त्याच महिन्यात शिकागोत युद्धाला जाहीर विरोध केला. मात्र तेव्हा ते सिनेटमध्ये नसल्याने मतदानाची कसोटी त्यांना लागली नाही. जॉन मॅकेन यांनी लोकमत फिरल्यावरही युद्धाचा पाठिंबा सोडला नाही.

युद्धविरोधी उमेदवार आपल्याला सोयीचाच असेल, असेही नाही. २००६ मध्ये अणुसहकार्य विधेयकाला ओबामांनी मत दिले. पण भारताला मिळणारे इंधन अणुभट्ट्यांच्या वाजवी गरजेपुरतेच असावे, ही दुरुस्तीही त्यांचीच. दिल्लीने कोणाच्या विजयासाठी नवस बोलण्याचे कारण नव्हते. तिघांच्याही कृतींची नोंद बारकाईने वाचून तयारीत राहणेच योग्य होते.