दोघांपायी सहांची तिरडी

आमच्या वडनेर भोलजीत माणूस गेला तरी डॉक्टरने 'गेला' म्हटल्याशिवाय कोणी बांबू आणायला धावत नाही. बॅटरीच्या नशिबी एवढीही माणुसकी नाही.

गेल्या हंगामात, कपाशीच्या ऐन फवारणीत, माझा पाठीवरचा पंप अर्ध्या टाकीतच धापा टाकू लागला. रात्रभर चार्जिंगला लावला तरी तेच. तालुक्याच्या दुकानदाराने नाडीही न बघता निदान केले, "गुरुजी, बॅटरी खलास. नवी घ्या."

"अहो, उघडून तर बघा!"

"उघडत नसते ती. चिकटवलेलीच येते."

घरी सौ. म्हणाली, "अर्ध्यात धाप तुम्हांलाही लागते. मी कुठे बदलले तुम्हांला?" युक्तिवाद बिनतोड होता. मी पंप उचलला आणि हायवेलगतच्या आमच्या पंखे-मिक्सरवाल्या मिस्त्रीकडे गेलो.

त्याने डबा कापला. आत सहा सेल, प्रत्येकावर १८६५०. मला वाटले, पिनकोड असावा. ते माप निघाले : जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. दोन-दोनांच्या तीन जोड्या, एकीमागे एक. मिस्त्रीने मीटर लावला. दोन जोड्या ठणठणीत, तिसरी आडवी.

"गुर्जी, चार धडधाकट हायेत. ह्या दोघायनं सारं घर बसवलं."

लिथियमचा सेल फार रिकामा झाला तर नासतो. म्हणून एक जोडी ठरावीक व्होल्टेजखाली गेली, की आतले संरक्षक सर्किट सगळ्यांचेच काम बंद करते. सर्किट आपले कर्तव्य करते. पण आपण मात्र दोघांपायी सहांची तिरडी बांधतो!

मिस्त्रीने लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले तेवढ्याच क्षमतेचे दोन सेल भरून-उतरवून तपासले. "कोरे नवे आन् थकेल जुने एका माळेत नाई घालाचे," म्हणाला. मग निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडली. डाग देण्याच्या कावियाने सेल तापून बिघडतो. पंप आता पूर्ण टाकी रिकामी करतो.

कोणी म्हणेल, डबा चिकटवतात तो तुमच्याच सुरक्षेसाठी. लिथियम चिडले तर पेटते, हे खरेच; म्हणून तर मी चाकू घेऊन स्वतः बसलो नाही. पण गॅसची शेगडीही धोक्याचीच. बर्नर बिघडला म्हणून कोणी स्वयंपाकघर बदलते का?

आपल्याकडे २०२२ साली बॅटरी-कचऱ्याचे नियम आले; वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. चांगले झाले. पण कचरा झाल्यावरची ही जबाबदारी. कचरा होऊच नये, याची कोणाची? युरोपने २०२३ साली नियमच केला, की लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला सहज काढता-बदलता यावी. मुदत दिली १८ फेब्रुवारी २०२७. वडनेरच्या शेतकऱ्याने काय घोडे मारले आहे?

माझी मागणी मोठी नाही. डबा चिकटवू नका, चार स्क्रू लावा. आत कोणते सेल, किती क्षमतेचे, ते बाहेर छापा. पुढचे आमचा मिस्त्री बघेल. स्क्रूंचे पैसे बिलात लावलेत तरी चालेल. तेवढी घासाघीस मी करीन.