सिडच्या घरी राहताय? मग पाटी हवीच!

‘टॉय स्टोरी’तला शेजारचा सिड आठवतोय? खेळणी फोडायची, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला जोडायचं, हाच बाबाचा टाइमपास! १९९५ साली सुरू झालेल्या या सिनेमालिकेतल्या पात्रांची नावं डेबियन आपल्या व्हर्जन्सना देतं. डेबियन म्हणजे १९९३ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी बनवलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. आणि तिच्या कायम काम चालू असलेल्या डेव्हलपमेंट व्हर्जनचं नाव? अर्थातच सिड!

आता तुम्ही म्हणाल, नावातच सगळं आलं की. मोडलं तर तक्रार कसली?

थांबा मंडळी, इथंच गल्लत होते. ‘पाणी कधीही जाऊ शकतं’ अशी पाटी सोसायटीनं बारा महिने लावली, तर कोण वाचणार? ‘मंगळवारी दहा ते पाच पाणी बंद, आदल्या रात्री भरून ठेवा’ ही खरी पाटी. पहिलीनं सोसायटी सुटते, दुसरीनं तुमची आंघोळ होते!

२०२४ मध्ये सिडवाल्यांनी हे अनुभवलं. कॉम्प्युटर वेळ मोजतो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या पद्धतीत हा आकडा ३२ बिटच्या डब्यात बसतो आणि तो डबा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, भरतो. पुढच्याच सेकंदाला घड्याळ थेट १९०१ सालात! उपाय सोपा : ६४ बिटचा मोठा डबा. पण डबा बदलायचा, तर त्यावर अवलंबून असलेलं सगळं एकदम बदलायला हवं. मग शेकडो लायब्ररी पॅकेजेसना नवी नावं मिळाली, शेवटी ‘टी६४’ शेपूट लावून. ज्यांच्या ६४ बिटच्या लॅपटॉपला हा प्रॉब्लेम मुळात नव्हताच, त्यांच्याकडेही नावं बदलली. परिणाम? काही आठवडे ‘फुल अपग्रेड’ मारलं की सिस्टिम शांतपणे विचारायची, ही इतकी सगळी पॅकेजेस काढून टाकू का? सवयीनं ‘येस’ दाबलं, की डेस्कटॉप गुल!

घोषणा झाली होती, पण डेव्हलपर मंडळींच्या फळ्यावर. सकाळी चहासोबत अपग्रेड करणारा तिथं डोकावेलच असं नाही. डेबियनकडे यावर एक झकास फंडाही आहे. पॅकेज बनवणारा महत्त्वाचा बदल ‘न्यूज’ फाइलमध्ये लिहितो आणि ‘ॲप्ट-लिस्टचेंजेस’ हे टूल ऐन अपग्रेडच्या वेळी ती समोर धरतं. म्हणजे पाटी नळावरच! अडचण एवढीच, की ही फाइल एकेका पॅकेजची. बदल शेकडो पॅकेजेसमध्ये पसरला, की पाटी कोणाच्या दारावर लावायची?

म्हणून जिथं मोडतोड मोठी, तिथं चार ओळींचा निरोप हवा, तोही साध्या भाषेत. काय बदलतंय? कोणाला लागू? तोवर काय करू नका? आणि संपलं कधी? दुसरी ओळ नसेल तर सगळेच घाबरतात. तिसरी सगळ्यात मोलाची, कारण त्या दिवसांत ‘फुल’ सोडून साधं अपग्रेड केलं तरी पुरे होतं. ते पॅकेजेस काढत नाही. चौथी मात्र हमखास विसरली जाते, आणि बिचारा युजर महिनोन्‌महिने अपग्रेडला हातच लावत नाही.

एवढी काळजी कशाला? कारण सिड वापरणारे हे फुकटात मिळालेले टेस्टर आहेत. ते ठेचकाळतात, बग कळवतात, म्हणून बाकीच्यांना स्टेबल व्हर्जन मिळते. हाच मोठा डबा ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ मधून सगळ्यांपर्यंत पोचला. हे लोक दोनदा न सांगता आपटले, की भांडत बसत नाहीत, गुपचूप निघून जातात. मग पुढचा बग पहिल्यांदा कोणाला भेटेल? थेट कस्टमरला!

तुमच्या टीमचं बीटा चालू आहे ना? मग ‘ॲट युअर ओन रिस्क’च्या मागे लपू नका, बॉस. खेळणं मोडणार असेल तर मोडू दे... पण आधी एक हाक तर मारा!