बुचाचे भक्त आणि फिरकीचे झाकण

वाइनच्या बाटलीस बूच असावे की फिरवून उघडायचे ॲल्युमिनियमचे झाकण, हा प्रश्न साहित्याच्या पानावर कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे, की या वादात बुचाच्या बाजूने जे बोलले जाते त्यातील बहुतेक सारे साहित्यच आहे, आणि तेही दुय्यम दर्जाचे. बुचात आत्मा आहे, बूच श्वास घेते, स्क्रू कॅप म्हणजे सोड्याची बाटली, ही विधाने आस्वादक समीक्षेच्या भाषेत केली जातात. तेव्हा ती तपासण्याचा अधिकार आम्हा भाषेच्या अध्यापकांना पोचतो, असे आम्ही मानतो.

बूच म्हणजे भूमध्य सागराभोवती वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. (पुण्याच्या रस्त्यांवर ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ते आपले बुचाचे झाड निराळे, सालीच्या साम्यामुळे त्याला ते नाव मिळाले, इतकेच.) रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली या सालीचा पातळ काप ठेवला, तेव्हा त्याला हवेने भरलेल्या चिमुकल्या कोठड्या दिसल्या आणि जीवशास्त्राला ‘सेल’ ही संज्ञा मिळाली. त्या कोठड्यांमुळेच बूच दाबले जाते आणि पुन्हा फुगून काचेला घट्ट बसते. सतराव्या शतकात मजबूत काचेच्या बाटल्या आल्या तेव्हा इतके कामाचे दुसरे द्रव्य माणसापाशी नव्हते. बुचाची निवड सोयीने केली. काव्य त्याला मागाहून चिकटले.

या सोयीची किंमत मात्र पिणाऱ्याने मोजली. क्लोरीनयुक्त संयुगांवर बुरशीची क्रिया होऊन २,४,६-ट्रायक्लोरोॲनिसोल, म्हणजे टीसीए, नावाचे द्रव्य तयार होते. स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याची ओळख पटवली. लिटरमागे अवघे काही नॅनोग्रॅम टीसीए असले तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो. हे निदान उघड तरी असते. प्रमाण त्याहून थोडे कमी असले, तर वास जाणवत नाही. फक्त फळाचा गंध मावळतो, चव मुकी होते. पिणाऱ्याला वाटते की ही वाइनच सामान्य आहे. किंवा, आणि हे आम्हांस अधिक खुपते, त्याला वाटते की आपल्यालाच यातले काही कळत नाही.

हा अनुभव आमच्या वर्गातला आहे. भ्रष्ट पाठ छापलेली, एक शब्द गळालेली कविता विद्यार्थ्यापुढे येते. ओळ लागत नाही. तो मुद्रणदोषाचा संशय घेत नाही. यात काही गहन असेल, आपलीच कुवत कमी, असे समजून मान खाली घालतो. पाठचिकित्सा हे शास्त्र का शिकवायचे, याचे याहून चांगले कारण आम्हांस ठाऊक नाही. रसिकाची पात्रता तपासण्यापूर्वी त्याच्या हाती संहिता शुद्ध पोचली आहे का, हे पाहावे लागते. बूच ही त्या संहितेतील मुद्रणदोषाची कायमची शक्यता होय.

आता तो प्रसिद्ध विधी पाहा. वेटर बूच काढतो, यजमानापुढे ठेवतो, प्याल्यात घोटभर ओततो आणि अदबीने थांबतो. यजमान प्याला फिरवतो, हुंगतो, मान डोलावतो. लोकांना ही रसिकतेची परीक्षा वाटते. वस्तुतः तो घोट बाटली नासली आहे का हे पाहण्यासाठी असतो. वाइन आवडली की नाही हे तेथे कोणी विचारत नाही. ज्या विधीला बुचाच्या वैभवाचे लक्षण म्हणून मिरवले जाते, तो त्याच्या दोषाचा कबुलीजबाब आहे. दोषाचा उपचार विसरून उपचाराचाच सोहळा करण्याची खोड आपल्यालाही अपरिचित नाही.

ऑस्ट्रेलियातील वाइन-उत्पादकांनी १९७०च्या दशकातच फ्रेंच बनावटीची स्क्रू कॅप वापरून पाहिली होती. वाइन उत्तम टिकली, पण ग्राहकांनी झाकण स्वस्त दिसते म्हणून ती नाकारली आणि प्रयोग बारगळला. पुढे २००० साली क्लेअर व्हॅलीतील रीस्लिंग करणाऱ्या एका गटाने एकत्र येऊन तोच निर्णय पुन्हा घेतला. २००१ साली न्यूझीलंडमधील उत्पादकांनी त्यासाठी संघटित मोहीम सुरू केली. आज न्यूझीलंडच्या ९० टक्क्यांहून अधिक वाइनला बूच नसते, आणि तेथील सोव्हिन्यों ब्लां जगभर आवडीने प्यायली जाते. आत्मा गेल्याची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

बुचाच्या बाजूचा सर्वांत चतुर युक्तिवाद मात्र आत्म्याचा नाही, आवाजाचा आहे. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी २०१७ साली लंडनमध्ये प्रयोग केला. बूच निघाल्याचा आवाज ऐकवला असता लोकांनी तीच वाइन अधिक चांगली ठरवली. प्रयोग पोर्तुगीज बूच-उद्योगाच्या पुढाकाराने झाला होता, हे जाता जाता नोंदवू. यावरून निष्कर्ष असा काढतात, की आवाज हा आस्वादाचाच भाग आहे. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली प्रसिद्ध केले. नावाच्या आधाराविना वाचकांची किती त्रेधा उडते ते त्यातून दिसले. पण म्हणून कवीचे नाव हा कवितेच्या गुणवत्तेचा भाग आहे, असे रिचर्ड्स म्हणाला नाही. आपण ऐकीव गोष्टींनी भारावतो, एवढेच दोन्ही प्रयोग सांगतात. भारावण्याला आस्वाद म्हणायचे असेल, तर समीक्षेचे वर्ग बंद करून पुस्तकांच्या मलपृष्ठांवरचे अभिप्राय शिकवावेत.

मुंबईत छापखाने सुरू झाले तेव्हा छापील पुस्तकाला शिवण्यासही काही सोवळी मंडळी तयार नव्हती, कारण शाईत चरबी असे. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून तो आक्षेप मिटवला, असे सांगितले जाते. त्या मंडळींच्या आक्षेपात निदान धर्मभावना तरी होती. बुचाच्या भक्तांपाशी फक्त प्रतिष्ठा आहे.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे आम्ही गंभीरपणे घेतो, आणि ते बुचाच्या भक्तांच्या तोंडी क्वचितच असते. जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालमध्ये निघते. झाड साधारण २५ वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात, नंतर दर ९ वर्षांनी. बाटलीयोग्य बूच तिसऱ्या खेपेपासून मिळते, म्हणजे लावणाऱ्याचे फळ बहुधा त्याच्या मुलाच्या हाती पडते. झाड तोडले जात नाही. कुऱ्हाडीने साल अलगद सोलणारे कारागीर आणि त्या रानांत राहणारे पशुपक्षी, सारे या मागणीवर जगतात. ॲल्युमिनियमच्या मागे असे रान नाही, खाण आणि विजेची भट्टी आहे. शिवाय हवाबंद झाकणाखाली वाइनला कधी गंधकासारखा वास धरतो, तेही खरे. अलीकडे एकेक बूच यंत्राने तपासून टीसीए शोधण्याची सोय झाली आहे, पण तशी बुचे महाग पडतात. दोन-तीन दशके मुरवायच्या बाटल्यांसाठी ती जरूर वापरावीत. रानासाठी बूच घ्या, असे कोणी म्हणाले तर आम्ही ऐकू. आत्म्यासाठी घ्या, म्हणाले तर ऐकणार नाही.

आणि आमच्या नाशिकचे काय? महाराष्ट्राचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ साली आले. येथील बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत पिण्याची असते. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवण्याचा संकेत आहे; आमच्या दुकानांत ती ट्यूबलाइटखाली, एप्रिलच्या उकाड्यात, महिनोन्‌महिने उभी असते. झाकण कोणतेही असो, उकाडा वाइनला बाधतोच. पण सुकून आक्रसणाऱ्या बुचाची त्यात भर कशाला? तरीही भेट द्यायची म्हणून दुकानात शिरलेला सुशिक्षित गृहस्थ बाटली हातात घेतो, गळ्याशी फिरकीचे झाकण दिसताच ती परत ठेवतो आणि दुकानदाराला विचारतो, बूचवाली नाही का?