सातबाऱ्यावर नाव लागेल, पण घर बांधता येईल का? गुंठेवारीच्या माफीनंतर उरलेला प्रश्न

तालुक्याच्या गावाबाहेर पडलं की रस्त्याकडेला बोर्ड दिसतातच. ‘१ गुंठा, २ गुंठे, ताबा लगेच.’ शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, कोपऱ्यात सिमेंटचे खांब रोवलेले असतात. अलीकडे एजंटांच्या तोंडी आणखी एक वाक्य आलंय, ‘आता सरकारने तुकडेबंदी उठवलीय, काही टेन्शन नाही.’ हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात घेणाऱ्याचे पैसे अडकू शकतात.

माफी नेमकी कशाची?

जमिनीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. आज राज्यातल्या ३२ जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ही किमान मर्यादा आहे. त्याच्या आतला शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही. तरीही लोकांनी घरासाठी गुंठा-दोन गुंठे घेतले. कुणी दस्त केला, पण फेरफार झाला नाही. कुणी नुसत्या नोटरीवर व्यवहार उरकला.

आधी असे व्यवहार नियमित करायला बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागायची. नंतर ती ५ टक्क्यांवर आली. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातल्या व्यवहारांसाठी हे शुल्कच माफ केलं. पण ही माफी सरसकट नाही. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतीच्या हद्दीत, प्राधिकरणांच्या क्षेत्रात, तसंच प्रादेशिक योजनेत निवासी किंवा व्यापारी वापरासाठी दाखवलेल्या जमिनींसाठी आणि गावा-शहरालगतच्या भागासाठी ती आहे. नोटरीवर घेतलेल्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागतो. १५ ऑक्टोबर २०२४ नंतर घेतलेल्या तुकड्याला या माफीचा आधार नाही.

नाव, जागा आणि बांधकाम

खरी गोम इथे आहे. ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि माफीने त्यातलं पहिलंच होतं.

नाव म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. पण एकाच गटात २५-३० नावं लागली, तर प्रत्येकापुढे क्षेत्र दिसतं. कुणाचा गुंठा कुठल्या कोपऱ्यात आहे ते सातबारा सांगत नाही. त्यासाठी मोजणी लागते, मंजूर नकाशा लागतो. तो नसला की पहिली भिंत उभी राहतानाच बांधावरचं भांडण सुरू होतं.

बांधकामाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तो तुकडेबंदी कायद्यात येत नाही. तो येतो १९६६ च्या नगररचना कायद्यात आणि डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत. जमीन निवासी पट्ट्यात आहे का, पोहोच रस्ता किती रुंद आहे, समोर आणि बाजूने किती जागा सोडली, हे सगळं तिथे पाहिलं जातं.

एका एकराचा हिशोब

एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकरामागे ती ४ गुंठे झाली. आतला रस्ता साधारणपणे ९ मीटर, म्हणजे ३० फुटांचा लागतो. चौकोनी एकराच्या मधून असा सरळ रस्ता काढला तर त्यात साडेपाच गुंठ्यांहून जास्त जागा जाते. विकायला उरतात जेमतेम ३० गुंठे.

विनापरवाना प्लॉटिंगवाला १५ फुटांची वाट ठेवतो आणि मोकळी जागा सोडतच नाही. तो ३७ गुंठे विकतो. वरचे ७ गुंठे कुठून आले? ते घेणाऱ्यांच्याच रस्त्यातून आणि मोकळ्या जागेतून आले. स्वस्त गुंठ्याचं गणित हे असं असतं.

याची किंमत पुढे मोजावी लागते. ती १५ फुटांची वाट मूळ मालकाच्याच नावावर राहते. उद्या त्याच्या वारसांनी तार ओढली तर जायचं कुठून? खासगी नावावरच्या वाटेवर काँक्रीट टाकताना ग्रामपंचायतीचेही हात बांधलेले असतात. गटार काढायला जागा नसते, टँकर आत वळत नाही. बँक घरकर्जासाठी मंजूर लेआउट आणि बांधकाम परवाना मागते. तो नसेल तर सावकार किंवा सोनं गहाण, एवढाच मार्ग उरतो.

‘ग्रामपंचायतीत घराची नोंद झालीय’ असंही सांगितलं जातं. नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही मंजूर होत नाही.

जुन्यांसाठी आणि नव्यांसाठी

ज्यांनी आधीच जागा घेतलीय, त्यांनी माफीचा फायदा घेऊन नाव लावून घेणं शहाणपणाचं आहे. मात्र तिथेच थांबून चालणार नाही. एका गटातल्या सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून मोजणी करावी, रस्त्याचं क्षेत्र मूळ मालकाकडून लिहून नोंदवून घ्यावं. मालक हयात आहे तोवर हे काम सोपं असतं. शहरी हद्दीत गुंठेवारी कायद्याचाही रस्ता आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. तिथे शुल्क भरावं लागतं.

नव्याने घेणाऱ्याने इसार देण्याआधी चार कागद मागावेत: मंजूर लेआउटचा नकाशा, झोन दाखला, अकृषिक वापराचा आदेश किंवा त्याचा कर भरल्याची पावती, आणि नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं, म्हणजे सुमारे ५ गुंठ्यांवरचं प्लॉटिंग असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर मोबाईलवरूनच तपासता येतो.

‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याला ‘पैसेही नंतरच देतो’ एवढं उत्तर पुरे.