चीनची मंदी आणि उतरंडीचा तळ

चीनचा विकासदर घसरल्याची बातमी आली की आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांना आनंदाचे भरते येते. आता भारताची पाळी, आता कारखाने इकडे येणार, अशी चर्चा रात्रभर चालते. चर्चेला बसलेले तज्ज्ञ शेअर बाजारावर बोलतात, सीमेवर बोलतात, राष्ट्राच्या अभिमानावर बोलतात. या मंदीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. आम्हाला तोच प्रश्न विचारायचा आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मंदी देशादेशांत समान वाटली जात नाही. ती वरून खाली सरकवली जाते आणि ज्याच्या खाली सरकवायला कोणी उरलेले नाही, त्याच्या डोक्यावर येऊन थांबते.

आधी आकडे पाहू. 2007 साली चीनची अर्थव्यवस्था 14 टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. 2015 पर्यंत हा वेग 7 टक्क्यांच्या आसपास आला आणि 2024 मध्ये सरकारी हिशोबानुसार तो 5 टक्के होता. 5 टक्के वाढीला मंदी कसे म्हणायचे, असे कोणी विचारेल. पण जगातले अर्ध्याहून अधिक पोलाद एकटा चीन तयार करतो आणि जगातले जवळजवळ निम्मे तांबे एकटा चीन वापरतो. त्याची भूक अशीच वाढत राहणार या भरवशावर अनेक देशांनी खाणी खोदल्या, कर्जे काढली, सरकारी अंदाजपत्रके आखली. ती भूक वाढायची थांबली की हा सगळा हिशोब कोसळतो.

2008 च्या जागतिक मंदीतून बाहेर पडण्यासाठी चीनने 4 लाख कोटी युआनची योजना जाहीर केली होती. रस्ते, रेल्वे आणि इमारती यांच्यात पैसा ओतला गेला. बांधकाम कंपन्या कर्जावर कर्ज काढत गेल्या. 2020 मध्ये सरकारने त्यांच्या कर्जाला लगाम घातला आणि फुगा फुटला. 300 अब्ज डॉलरहून अधिक देणी असलेली एव्हरग्रांड ही कंपनी डिसेंबर 2021 मध्ये कर्जफेडीत चुकली आणि जानेवारी 2024 मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. ज्यांनी घर मिळण्याआधीच पैसे भरले होते, ते अर्धवट इमारतींकडे पाहत हप्ते भरत राहिले. 2022 मध्ये त्यातल्या अनेकांनी हप्ते भरायलाच नकार दिला. जून 2023 मध्ये शहरी तरुणांमधली बेरोजगारी 21.3 टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने काही महिने तो आकडा प्रसिद्ध करणेच बंद केले. गैरसोयीचा आकडा झाकून ठेवण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

पण चीनच्या आतही एक उतरंड आहे. तिचे नाव हुकोऊ. ही कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. ग्रामीण नोंदणीच्या घरात जन्मलेला माणूस वीस वर्षे शहरात राबला तरी शाळा, दवाखाना, पेन्शन यांवर त्याचा शहरी माणसाइतका हक्क बसत नाही. गाव सोडून राबणाऱ्या अशा कामगारांची संख्या सुमारे 30 कोटी आहे. हुकोऊ म्हणजे जात नव्हे, हे आम्ही जाणतो. तिथे अस्पृश्यता नाही आणि तिला धर्मग्रंथाचा आधार नाही. परंतु जन्माच्या नोंदीवरून माणसाचा हक्क ठरवायचा, हे तत्त्व आम्ही चांगले ओळखतो. अमेरिकेतून आलेल्या मंदीने निर्यातीचे कारखाने बंद पडले, तेव्हा 2009 च्या सुरुवातीला असे सुमारे 2 कोटी कामगार काम गमावून गावी परतल्याचे तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितले. शहराला गरज होती तेव्हा त्यांना बोलावले, गरज संपली तेव्हा परत पाठवले. 2020 च्या टाळेबंदीत महामार्गांवरून चालत निघालेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आफ्रिकेत जाऊ. झांबियाच्या निर्यातीच्या उत्पन्नातला सुमारे 70 टक्के वाटा तांब्याचा आहे. 2011 साली तांब्याचा भाव टनाला 10,000 डॉलरपर्यंत गेला होता. चीनची मागणी मंदावली आणि जानेवारी 2016 मध्ये तो 4,500 डॉलरच्याही खाली आला. 2015 मध्ये झांबियाचे चलन क्वाचा जवळजवळ निम्म्यावर घसरले, मक्याचे पीठ महागले आणि खाणींतून हजारो कामगारांना काढले गेले. त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी 18 ऑक्टोबर 2015 हा दिवस चलन सावरावे म्हणून प्रार्थना आणि उपवासाचा दिवस जाहीर केला. खाणकामगाराच्या घरात उपवास आधीच सुरू झाला होता. 2020 मध्ये हा देश आपली परदेशी कर्जेही फेडू शकला नाही.

मंदीची दुसरी वाट उलट दिशेने येते. घरे बांधणे थांबले तरी चीनमधल्या भट्ट्या थांबत नाहीत. उरलेले पोलाद स्वस्तात बाहेर पाठवले जाते. 2024 मध्ये चीनने 11 कोटी टनांच्या आसपास पोलाद निर्यात केले. त्याच वर्षी चिलीमधला ह्वाचिपातोचा जुना पोलाद कारखाना या स्वस्त मालापुढे टिकू शकला नाही आणि त्याची भट्टी विझली. भारताने एप्रिल 2025 मध्ये काही पोलादी मालाच्या आयातीवर 12 टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले. मोठ्या पोलाद कंपन्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचतो, म्हणून त्यांना संरक्षण मिळते. आमची त्याला हरकत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की ज्यांचा आवाज तहसील कचेरीच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही, त्यांचे संरक्षण शुल्क कुठे आहे?

हा प्रश्न हवेतला नाही. विदर्भातल्या कापसाकडे पाहा. 2011 पासून चीन सरकार कापसाचे प्रचंड साठे करत होते आणि त्या काळात भारतीय कापसाचा तो सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. 2014 मध्ये चीनने साठ्याचे धोरण सोडले, गोदामे भरलेलीच होती, आयात आखडली आणि जगभर भाव पडले. भारताची कापूस निर्यात एका वर्षात जवळपास निम्म्यावर आली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 4,050 रुपये होता. बाजारभाव त्याच्या आसपास घुटमळू लागला आणि कापूस महामंडळाला मोठ्या प्रमाणावर खरेदीत उतरावे लागले.

पण हमीभावाने विकायला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला निदान खरेदी केंद्राच्या रांगेत उभे राहता येते. जो मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याची जमीन करतो, त्याला ती रांगही नाही. त्याच्याही खाली सालगडी आहे आणि किलोमागे मजुरी घेऊन कापूस वेचणारी बाई आहे. भाव पडला की शेतकरी वेचणीच्या दरात हात आखडता घेतो, फवारणी आणि निंदणाची माणसे कमी करतो. तोही अडचणीत असतो, हे खरेच आहे. पण त्याच्या नुकसानीची निदान पाहणी होते, कर्जमाफीत त्याचे नाव येते. वेचणीवाल्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणता तलाठी करतो? विदर्भातल्या आमच्या बौद्ध वस्त्यांमध्ये भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. बीजिंगमधला एक निर्णय यवतमाळच्या शिवारात पोहोचतो तेव्हा तो जातीच्या पायऱ्यांनीच खाली उतरतो.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. जग मंदावले की तेल स्वस्त होते, आणि भारत तेल विकत घेणारा देश असल्यामुळे आपला फायदाच होतो. हा फायदा तपासून पाहू. 2014 च्या मध्यात 110 डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्याही खाली गेले. अमेरिकेतले वाढलेले उत्पादन हे त्याचे मोठे कारण होते, चीनची थंडावलेली मागणी हेही एक होते. त्याच काळात केंद्र सरकारने पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. म्हणजे फायदा वरच अडवला गेला आणि तोटा तेवढा खाली सोडला गेला.

बाबासाहेबांनी हा व्यवहार शंभर वर्षांपूर्वी उघडा पाडला आहे. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांनी रुपया घसरल्याने देशाचा फायदा होतो, हा त्या काळच्या व्यापारी वर्गाचा दावा तपासला. किमती वाढतात पण मजुरी तेवढी वाढत नाही, म्हणून निर्यातदाराचा नफा हा राष्ट्राचा नफा नसून मजुराच्या ताटातून काढलेला घास असतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. देश नावाचा एकच खिसा नसतो. कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेले, हे पाहावे लागते. ज्यांना बाबासाहेब फक्त पुतळ्यात आणि जयंतीच्या मिरवणुकीत दिसतात, त्यांनी अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब एकदा वाचावेत. श्रेणीबद्ध विषमतेची त्यांची मांडणी आज जागतिक बाजारालाही लागू पडते. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपला तोटा खालच्या पायरीवर ढकलतो आणि आपल्याही खाली कोणी आहे, या समाधानात वरच्याला जाब विचारायचे विसरतो.

म्हणून चीन पडल्याचा आनंद आम्ही साजरा करणार नाही. तिथला गावाकडे परतलेला गवंडी, झांबियाचा खाणकामगार आणि यवतमाळची वेचणीवाली एकाच उतरंडीच्या तळाशी आहेत. आमच्या मागण्या साध्या आहेत. नुकसानभरपाई आणि संरक्षण सातबाऱ्याला नव्हे, माणसाला जोडा. भाव पडलेल्या हंगामात शेतमजुराच्या बुडालेल्या मजुरीची नोंद करा. 1972 च्या दुष्काळातून ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली आणि 1977 साली तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. आणि मुळात जमिनीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर घ्या. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह केले, ते इतिहासाच्या पुस्तकात ठेवून देण्यासाठी नव्हते.

पुढच्या वेळी वाहिनीवर कोणी विचारेल की चीनच्या मंदीचा भारताला फायदा किती, तेव्हा आपण उलट विचारू या: कोणत्या भारताला?

जय भीम!