ट्रॅक्टरचे बळ आणि त्याचा आवर

गावात नवा ट्रॅक्टर आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती अश्वशक्तीचा?’ हा. सपाट रानात हा प्रश्न पुरेसा असेल. परंतु कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या अलोरे, पोफळी यांसारख्या गावांत त्याआधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा. भरलेल्या ट्रॉलीसह हा ट्रॅक्टर ओल्या उतारावर थांबेल काय?

अवजड यंत्रे या भागास नवी नाहीत. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात येथे कोळकेवाडी धरण व ३२० मेगावॉटचे वीजगृह उभे राहिले, ते अशाच यंत्रांच्या बळावर. परंतु प्रकल्पाच्या यंत्रांमागे कर्मशाळा आणि देखरेख असते. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमागे त्याच्या स्वतःच्या दक्षतेवाचून दुसरे काही नसते.

साधा हिशेब पाहावा. ट्रॅक्टर २ टनांचा आणि जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली ४ टनांची धरली, तर एकूण भार ६ टन होतो. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागील दोन चाकांवरच असतात. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसेल, तर सहा टनांचा भार त्या दोन चाकांनी आवरावयाचा. त्यातच वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. पावसात तांबडी माती व शेवाळ यांवर चाके घसरली, तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा ढकलते. अशा वेळी पायाखालचा ब्रेक उत्तम असूनही उपयोगाचा नसतो, कारण गाडी अखेर थांबते ती टायरच्या पकडीने.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. शेतात वळण्यासाठी डावा व उजवा ब्रेक वेगवेगळा दाबता येतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल अडकणीने जोडून घ्यावेत, अन्यथा एकच चाक अडून ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून किंवा गिअर काढून गाडी मोकळी सोडू नये. ओढ्यातून आल्यावर सपाट जागी हळूहळू ब्रेक दाबून त्यांची परीक्षा घ्यावी. टायरमधील हवा पुस्तिकेत शेत व रस्ता यांसाठी दिलेल्या मापानुसार ठेवावी आणि झिजलेल्या खाचांचे टायर पावसाळ्यापूर्वी बदलावेत. मागील टायरमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणी भरल्यास शेतातील पकड वाढते. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे रचू नये. त्याने जोडदांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील भार घटून त्यांची पकड सुटते.

‘आम्ही सावकाशच चालवतो, मग ट्रॉलीच्या ब्रेकवर खर्च कशाला?’ असे काही बंधू म्हणतात. सावकाश चालविणे योग्यच आहे. परंतु वळणावर अचानक गुरे किंवा शाळेतून परतणारी मुले आडवी आली, तर केवळ सावकाशपणा पुरा पडत नाही. नांगर, रोटाव्हेटर यांसाठी आपण कर्ज काढतो, आणि मजूर बायामाणसांना त्याच बिनब्रेकच्या ट्रॉलीत मालावर बसवून आणतो. ही काटकसर नव्हे. ट्रॉली ही माणसांची सवारी नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आमचे मत असे की, डोंगराळ भागात ब्रेक नसलेली ट्रॉली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आणि जुन्या ट्रॉलीला शक्य तेथे ब्रेक बसवून घ्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी, बियाण्यांची चौकशी करतात त्याच वेळी, गावातील प्रत्येक ट्रॅक्टरचे ब्रेक व टायर मालकासमवेत पाहावेत. त्यास एक सकाळ पुरते.

बैल उधळला तर त्याला कासऱ्याने आवरता येते. यंत्राचा कासरा मात्र गाडी जोडण्याआधीच तपासून ठेवावा लागतो.